जिभाऊंचं दुखणारं दुखणं आणि न दुखणारं

माहेरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून दोन कागद चिकटवलेत, दोन्ही माझ्या अक्षरात. एकावर लिहिलंय "सुजेच्या गोळ्या" आणि त्यावर आता मोठी काट मारलेली आहे. दुसऱ्यावर "कोलेस्टेरॉलच्या गोळ्या" आणि खाली लाल पेनाने "या बंद करायच्या नाहीत". हे दोन कागद वेगवेगळे करायला मला सात महिने लागले, आणि मधे जो घोळ झाला तो दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून आज सगळं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, जळगावला शाळेत विज्ञान शिकवते. जे लिहिलंय ते जिभाऊंच्या डॉक्टरांना विचारून विचारून आणि नंतर स्वतः वाचून समजून घेतलेलं आहे. गोळ्यांची नावं वाचून घरी कोणी प्रयोग करू नका, हे आधीच हात जोडून सांगते.

जिभाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, खान्देशाबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे मोठ्या भावाला जिभाऊ म्हणतात. वय ४१, चोपडा तालुक्यात केळी आहे, तंबाखू नाही, दारू नाही, वजन ६४ किलो, दिवसभर बागेत पायपीट. म्हणजे हार्टचा पेशंट म्हटल्यावर जो माणूस डोळ्यासमोर येतो तो हा नव्हेच.

मागच्या वर्षी जुलैत त्यांना आठ-दहा दिवस सर्दी-ताप होता, सगळ्या गावालाच होता. तो बरा झाला आणि मग एका रात्री छातीत दुखायला लागलं. वहिनी सांगते की ते रात्रभर बाजेवर पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसले होते. आडवे झाले की दुखणं वाढायचं, श्वास खोल घेतला की टोचायचं, पुढे वाकलं की कमी व्हायचं. मला फोनवर म्हणाले, "आडं पडनं का छातीमा खुपसस वं, बठनं का बरं वाटस. काही नही, ग्यास व्हयेल शे." आणि मी पण म्हटलं की हो गॅसच असेल, काल शेवभाजी खाल्लीत ना. या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. सकाळी गावात एकांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, दुपारपर्यंत काही फरक नाही, मग गाडी करून जळगावला आणलं.

इथे ईसीजी काढला आणि पट्टी बघून तिथल्या ज्युनिअर डॉक्टरांचा चेहराच बदलला. हार्ट अटॅकमधे ईसीजीतला एक भाग वर उचलला जातो, तसा तो उचललेला होता. वहिनी तिथेच खाली बसली. पण मोठे डॉक्टर आले, त्यांनी पट्टी खिडकीशी नेऊन बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, झोपल्यावर वाढतं का? आणि दुसरा, आधी ताप येऊन गेला का? मग पुढे वाकायला लावून बराच वेळ छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. आत घासल्यासारखा आवाज येतो, चामड्यावर चामडं घासल्यावर येतो तसा, ते शोधत होते आणि तो त्यांना सापडला.

त्यांनी समजावलं ते मला शिक्षिका म्हणून फार आवडलं. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद पडली तर ती वाहिनी जेवढ्या भागाला रक्त देते तेवढ्याच भागाच्या लीडमधे, म्हणजे त्या बाजूने हृदय बघणाऱ्या पट्टीच्या भागात, रेषा वर जाते, बाकीच्यांत नाही. जिभाऊंच्या पट्टीत मात्र जवळजवळ सगळ्याच लीडमधे रेषा थोडी थोडी वर होती, खोगिरासारखी खोलगट. म्हणजे एका बाजूचा प्रॉब्लेम नाही, सगळ्या बाजूंनी काहीतरी आहे. सगळ्या बाजूंनी असतं ते म्हणजे हृदयाचं आवरण. त्याला सूज आली की पेरिकार्डायटिस म्हणतात. छातीतलं हे विशिष्ट दुखणं, तो घासण्याचा आवाज, ईसीजीतले बदल आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती दिसणारं पाणी, या चारपैकी दोन गोष्टी सापडल्या तर निदान पक्कं धरतात. जिभाऊंकडे चारही होत्या, पाणी अगदी थोडं.

हे आवरण काय असतं ते जिभाऊंनीच आईला समजावलं, आणि माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा चांगलं. केळीच्या घडावर आपण डाग पडू नये म्हणून स्कर्टिंग बॅग चढवतो ना, तशी हृदयावर पिशवी असते, पण दोन पदरी, आणि दोन पदरांच्या मधे जरासं पाणी, वंगणासारखं. ते पदर सुजले की एकमेकांवर घासतात. आई म्हणाली, "मंग पिशवीले सूज शे, घडले नही ना?" हा प्रश्न खरंच बरोबर होता. कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन थोडं वाढलेलं आलं, म्हणजे पिशवीला लागून असलेल्या हृदयाच्या स्नायूलाही थोडी सूज होती. स्नायूची सूज म्हणजे मायोकार्डायटिस. ती जास्त असली तर पंपिंग कमी होतं, ठोके बिघडतात, कधी कधी जीवावर बेततं. जिभाऊंचं पंपिंग ६० टक्के होतं, म्हणजे नॉर्मल. सूज दाखवणारं सीआरपी मात्र ८६, आमच्या लॅबच्या कागदावर ५ च्या आत पाहिजे असं लिहिलेलं.

एक गैरसमज इथेच सांगून टाकते. "हृदयाला सूज आली" हे ऐकल्यावर अर्ध्या नातेवाइकांनी "हार्ट वाढलं" असं गावभर केलं. हृदय मोठं होणं वेगळं आणि सूज येणं, म्हणजे घसा सुजतो तसं आतून लाल होऊन दुखणं, वेगळं. आपल्या मराठीत दोन्हीला सूजच म्हणतात त्याने हा गोंधळ होतो.

अँजिओग्राफी करायची का यावर डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग विचारलं, घरात कोणाला हार्टचं? तेव्हा आईनेच सांगितलं, दादा गेले २००३ ला, शेतात कापूस वेचणी चालू असताना, वय ४७. दादा म्हणजे आमचे वडील. छातीत दुखायला लागल्यापासून तासाभरात गेले, त्याआधी कधी दुखलंच नव्हतं. हे ऐकून डॉक्टर म्हणाले, मग शंका ठेवायची नाही. हातातून अँजिओग्राफी झाली. मोठा ब्लॉक कुठेच नव्हता, फक्त एका वाहिनीत साधारण ३० टक्के जाडी दिसली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजच्या दुखण्याचा आणि या ३० टक्क्यांचा काही संबंध नाही. आम्ही ऐकलं, सुटलो म्हणून देवाला हात जोडले, आणि ते ३० टक्के तिथेच विसरलो.

ट्रीटमेंट सुरू झाली. ॲस्पिरिन, पण हार्टवाल्यांना रोज देतात ती ७५ ची नाही, सूज उतरवायला तिच्या कितीतरी पट जास्त, दिवसातून तीनदा, सोबत पोटासाठी गोळी, आणि मग आठवड्या-आठवड्याने कमी करत जायचं. दुसरी गोळी कोल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅम, तीन महिने. वजन ७० किलोच्या आत म्हणून दिवसातून एकच. ही मुळात गाऊटची, म्हणजे पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजतो त्या रोगाची जुनी गोळी. पेरिकार्डायटिसचा मोठा त्रास म्हणजे तो परत परत येतो, आणि कोल्चिसिनने ते परत येणं जवळपास निम्मं होतं. २०१३ साली इटलीतल्या डॉक्टरांनी २४० पेशंटवर करून बघितलेलं आहे, गोळी न मिळालेल्यांत ३७.५ टक्के लोकांना दुखणं परत आलं किंवा थांबलंच नाही, गोळी मिळालेल्यांत १६.७ टक्के.

कोल्चिसिन म्हटल्यावर मला कळलावी आठवली. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येतात ना, तीच. तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं. मी हे उत्साहाने घरी सांगितलं आणि लगेच घाबरले, कारण एक काका म्हणाले मग कंदच उगाळून देऊ, फुकट आहे. नाही. कळलावीचा कंद जहर आहे, माणसं मरतात त्याने. गोळीतलं अर्धा मिलिग्रॅम मोजलेलं असतं, कंदात किती आहे ते कोणी मोजलेलं नसतं. ती गोळीसुद्धा नाजूकच आहे, जिभाऊंना पहिले पाच-सहा दिवस जुलाब झाले. आणि खोकल्यासाठी मेडिकलवरून आपल्या मनाने क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं तर कोल्चिसिन शरीरातून बाहेर पडत नाही, साठत जातं, धोका होतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवा.

टीबीची तपासणी पण झाली, त्यावर वहिनीला वाईट वाटलं, आमच्यात कोणाला टीबी नाही म्हणे. पण आपल्याकडे हृदयाभोवती पाणी होण्याचं टीबी हे एक मोठं कारण आहे, त्याची औषधं पूर्ण वेगळी, आणि तो नजरेतून निसटला तर पिशवी जाड कडक होऊन हृदयाला आवळून धरते. त्यामुळे विचारणं आणि तपासणं हा अपमान नाहीये. जिभाऊंचं निगेटिव्ह आलं. व्हायरल तापानंतरचंच हे, असं ठरलं.

चौथ्या दिवशी दुखणं गेलं. आणि इथे पहिली चूक झाली. दुखत नाही म्हणून घरी गेल्यावर जिभाऊंनी ॲस्पिरिन बंद केली, पोटात जळजळतं म्हणून, आणि बाराव्या दिवशी कटाईला माणूस कमी पडला म्हणून स्वतः घड खांद्यावर घेतले. त्या रात्री परत बाजेवर वाकून बसले. परत जळगाव, परत सीआरपी, ६२. एका पाहुण्याने डॉक्टरांना आग्रह केला की काहीतरी जोरदार द्या, स्टेरॉइड द्या, एकदाचं संपवा. डॉक्टरांनी नाही म्हटलं. स्टेरॉइडने दुखणं झटक्यात जातं पण सुरुवातीलाच दिलं तर परत परत येण्याची शक्यता वाढते, ज्यांना दुसरं काही चालत नाही त्यांच्यासाठी ते राखून ठेवायचं. मूळ गोळ्याच नीट सुरू केल्या आणि ताकीद दिली की दुखणं गेलं म्हणजे सूज गेली असं नाही, सीआरपी नॉर्मल येईपर्यंत गोळी, आणि स्नायूला सूज होती म्हणून जड काम किमान तीन महिने अजिबात नाही. शेतकऱ्याला तीन महिने बसवून ठेवणं काय असतं ते ज्याच्या घरी शेती आहे त्यालाच कळेल. माझ्या मिस्टरांनी दर शनिवार-रविवार जाऊन बाग बघितली, त्यांचे आभार मी इथे मानलेच पाहिजेत.

आता न दुखणारं दुखणं.

ॲडमिट असताना बाकी रक्तासोबत लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, पण झालं होतं. टोटल २६२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १७०, एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, १९०. त्या गडबडीत आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी फाइलवर लिहून ठेवलं होतं, दोन महिन्यांनी परत करा. मला वाटलं आजारपणामुळे वाढलं असेल, परत कमी येईल. उलटं असतं. शरीरात मोठी सूज किंवा इन्फेक्शन असतं तेव्हा कोलेस्टेरॉल खाली जातं, खोटं कमी दिसतं. सप्टेंबरमधे सीआरपी ३ आलं, आम्ही पेढे वाटणार तोच दुसरा कागद, टोटल ३०१, एलडीएल २३०.

डॉक्टरांनी जिभाऊंना चप्पल काढायला लावली. टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी नस असते (रक्ताची नव्हे, स्नायूबंध) ती दोन बोटांत धरून बघितली, दोन्ही पायांची, जाड आणि गाठाळ. मग विचारलं, वडिलांचा फोटो आहे का? वहिनीच्या मोबाईलमधे भिंतीवरच्या फोटोचा फोटो होता, हार घातलेला. त्यांनी तो मोठा करून डोळ्यांपाशी नेला. दादांच्या दोन्ही वरच्या पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळसर चकत्या आहेत. आम्ही लहानपणापासून बघत आलोय, आई त्यांना पित्ताचे डाग म्हणायची. त्या चकत्या आणि टाचेवरच्या गाठी म्हणजे तिथे साचलेलं कोलेस्टेरॉल. बावीस वर्षं तो फोटो भिंतीवर आहे आणि त्यात लिहिलेलं आम्हाला कोणाला वाचता आलं नाही. मला त्या क्लिनिकमधे रडू आलं ते त्याचंच.

याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, म्हणजे घराण्यातून आलेलं जास्त कोलेस्टेरॉल, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, म्हणजे चोपड्यासारख्या गावात सहज शंभरावर माणसं असतील आणि बहुतेकांना पत्ता नसेल. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे हात असतात, रिसेप्टर, ते यांच्यात जन्मापासून कमी असतात किंवा नीट चालत नाहीत, म्हणून एलडीएल रक्तातच फिरत राहतं. हे हात शोधून काढले ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांनी, त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी.

म्हणजे शेवभाजीने हे झालेलं नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण वहिनी महिनाभर स्वतःला दोष देत होती की माझ्या फोडणीनेच झालं. शेंगदाण्याच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, वनस्पतींत ते नसल्यातच जमा असतं, ते बहुतेक आपलं लिव्हरच बनवतं. तर्री कमी करा, वनस्पती तूप बंद करा, कळण्याची भाकरी आणि भरीत खुशाल खा, त्याने फायदा आहेच, पण जन्मजात २३० असलेला माणूस नुसत्या जेवणाने ७० पर्यंत खाली येत नाही. लसणाचा रस, अर्जुनसालीचा काढा, सगळं आम्हाला सुचवून झालं, मनापासून सुचवलं लोकांनी, पण गोळीला पर्याय म्हणून नको.

जिभाऊ डॉक्टरांना म्हणाले, म्हणजे बागेतल्या ड्रिपच्या नळीत क्षार साचतात तसं ना, ॲसिड सोडलं की नळी साफ. डॉक्टर म्हणाले जवळपास, पण क्षार नळीच्या आत साचतात आणि हे साचतं नळीच्या भिंतीमधे, आतल्या अस्तराच्या खाली. तिथे ते नुसतं पडून राहत नाही, त्यालाही सूज असते, आणि एक दिवस ती गाठ फुटते, वर रक्त गोठतं आणि तासाभरात वाहिनी बंद. ३० टक्केवालीसुद्धा फुटू शकते. दादांना आधी कधी दुखलं नव्हतं त्याचं उत्तर मला तिथे मिळालं.

मग मी विचारलं, त्यालाही सूजच असते तर कोल्चिसिनने दोन्ही कामं होणार नाहीत का? त्यांना प्रश्न आवडला. म्हणाले, बघितलंय लोकांनी, २०१९ आणि २०२० च्या दोन मोठ्या अभ्यासांत हार्टच्या पेशंटना फायदा दिसला, अमेरिकेत २०२३ ला त्यासाठी मंजुरीही मिळाली, पण २०२४ च्या मोठ्या अभ्यासात अटॅकनंतर दिल्यावर फायदा दिसला नाही. काहीही असलं तरी ती स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची, जागा घेत नाही. एलडीएल खाली आणायलाच पाहिजे.

रोसुवास्टॅटिन २० सुरू झाली. स्टॅटिन मूळचं बुरशीतून सापडलेलं, जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात शोधलं, मी नववीच्या वर्गात पेनिसिलीन शिकवताना आता तेही सांगते. लिव्हरचा कोलेस्टेरॉल बनवायचा कारखाना ती मंद करते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. पण अजून कोल्चिसिनचा महिना बाकी होता आणि दोन्ही एकत्र असताना स्नायूंना त्रास होऊ शकतो, म्हणून मांड्या-खांदे खूप दुखले, कमजोरी आली, लघवी चहासारखी झाली तर लगेच फोन करा असं दोनदा बजावलं. सुदैवाने काही झालं नाही.

आणि आता मोठा घोळ. ऑक्टोबरमधे डॉक्टरांनी सांगितलं, कोल्चिसिन संपली, बंद. डिसेंबरच्या रिपोर्टमधे एलडीएल ११२ आलं, अजून एक गोळी, इझेटिमाइब १० ची, जोडली, ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते. फेब्रुवारीत माहेरी गेले तर डबा रिकामा. आई म्हणाली, "आते बरं शे ना, मंग गोळी काबर?" सगळ्यांच्या डोक्यात हे एकच आजारपण होतं. छातीत दुखलं, गोळ्या दिल्या, दुखणं गेलं, डॉक्टर म्हणाले बंद, तर सगळंच बंद. जिभाऊंनी जानेवारीतच दोन्ही सोडल्या होत्या. मी त्या दिवशी मोठ्या भावावर आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदा. नंतर शांत होऊन विचार केला तर चूक त्यांची नव्हती, फाइल एक, डॉक्टर एक, छाती एक, त्यांना दोन आजार वेगळे करून कोणी दाखवलेच नव्हते. म्हणून मग ते दोन कागद. पहिलं दुखणं आलं, तडफडवलं, गेलं, त्याच्या गोळ्याही गेल्या. दुसरं जन्मापासून आहे, कधी दुखणार नाही, आणि त्याच्या गोळ्या जन्मभर.

मार्चमधे आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं. माझं एलडीएल १०४. भाचीचं ९२. भाच्याचं, वय १३, कबड्डी खेळतो, काटक पोरगा, १९६.

वहिनी गप्प बसून राहिली. लहान मुलाला गोळी हे कोणाच्याच गळी उतरत नाही. पण बालरोगतज्ज्ञांनी आणि हार्टच्या डॉक्टरांनी दोघांनीही सांगितलं की या आजारात आठ-दहा वर्षांपासूनच स्टॅटिनचा विचार करतात, कारण यांच्या वाहिन्यांना लहानपणापासून जास्त एलडीएल सोसावं लागतं, जितकी वर्षं उशीर तितकी भिंतीत भर. तीन महिने जेवण सांभाळून बघू, तेवढ्याने उतरलं नाही तर छोट्या डोसने सुरू करू, दर काही महिन्यांनी लिव्हरची तपासणी आणि उंची-वजन बघत राहू. भाच्याने एकच विचारलं, कबड्डी खेळता येईल ना? येईल म्हणाले, खेळलाच पाहिजेस.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी नेहमीप्रमाणे माहेरी होते. खापरावरचे मांडे, आमरस, झोके, सगळं झालं. जिभाऊंनी गोळ्या परत सुरू केल्यात, नवीन रिपोर्ट ८६, डॉक्टरांना ७० च्या आत पाहिजे, जमलं तर ५५, म्हणजे अजून काम बाकी आहे. भाच्याचं जूनमधे परत रक्त आहे. रात्री जेवण झाल्यावर आईने कपाट उघडलं, तिला वाचता येत नाही पण लाल पेनाचा कागद कुठला ते तिला माहीत आहे, त्यावर बोट ठेवून तिने जिभाऊंना हाक मारली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.